अ‍ॅमेझॉनचे टीएमसी किती?

चिंचोळी एमआयडीसीतून नदी दिसत नाही. शेड दिसतात, टॉवेलच्या गाठी भरणारे टेम्पो दिसतात, पाकणीकडे निघालेले टँकर दिसतात. पुण्याच्या दिशेने थोडं पुढे गेलं की लांबोटीला सीना लागते, पण तिथे गाडी थांबते ती बहुतेक वेळा मक्याच्या चिवड्यासाठी. भीमा तर आमच्या शेजारून जमिनीखालून जाते. उजनी धरणात पाइपात शिरते, शंभरावर किलोमीटर अंधारात येते, पाकणीच्या जलशुद्धीकरण केंद्रात तुरटी-क्लोरीन घेते आणि सोलापूरच्या नळांना जाऊन मिळते. एखादा एअर व्हॉल्व्ह गळत असेल, तर तेवढंच तिचं दर्शन.

अशा मुलखातल्या माणसांना नद्यांवरचे माहितीपट आवडतात, यात नवल नाही. नवल याचं, की त्यांना एकही माहितीपट पसंत पडत नाही.

बीबीसीने 2019 मध्ये मोठ्या नद्यांवर एक मालिका केली. तीन भाग, तीन नद्या: नाईल, अ‍ॅमेझॉन आणि मिसिसिपी. ती किंवा तिच्याच कुळातली कुठलीतरी मालिका, हिंदीत बोलणारी, आमच्या कोपऱ्यावरच्या चहाच्या हॉटेलात मध्यंतरी रोज चालू असायची. पहिली पाळी सुटलेली आणि दुसरी पाळी धरायला आलेली, अशी दोन्हीकडची माणसं तिथे असतात, त्यामुळे समीक्षक भरपूर. पडद्यावर ड्रोन ढगांतून खाली उतरतो, व्हायोलिनं वाजतात, क्षितिजापर्यंत पाणीच पाणी. आमचे एक सुपरवायझर कटिंगचा घोट घेऊन विचारतात, "ते सगळं ठीक हाय. टीएमसी किती?"

हा प्रश्न निवेदकाला कधी पडत नाही. तो सांगतो, नदी इतके हजार किलोमीटर लांब आहे, खोऱ्यात इतक्या जातींचे मासे आहेत. सोलापुरी माणसाला लांबीशी काय करायचंय? त्याचं पावसाळ्यातलं शिक्षणच वेगळं झालेलं असतं. सोलापुरात पावसाचा थेंब नसतो, पण पुण्यात पडला की बंडगार्डनचा विसर्ग वाढतो, मग दौंडचा वाढतो, आणि दौंडचा वाढला की उजनी वर येते. जुलै-ऑगस्टमध्ये दौंडचा आकडा इथे क्रिकेटच्या स्कोअरसारखा विचारला जातो. ज्याने आयुष्यात दौंडचं फक्त रेल्वे स्टेशन पाहिलंय, त्यालाही सकाळचे क्युसेक तोंडपाठ असतात.

तर सुपरवायझरांनी मोबाइल काढला. अ‍ॅमेझॉन समुद्राला सेकंदाला सरासरी दोन लाख घनमीटर पाणी देते, म्हणजे सत्तर लाख क्युसेक. उजनीची एकूण क्षमता 117 टीएमसी. भागाकार झाला आणि सुपरवायझर काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "साडेचार तासात उजनी फुल्ल."

"म्हंजे सेकंड शिफ्ट सुटायच्या आत?"

"जेवणाच्या सुट्टीनंतर लगेच बे!"

माझ्या मते त्या मालिकेला मिळालेली सर्वांत मोठी दाद हीच. बीबीसीच्या कॅमेऱ्याला जे साधलं नाही, ते भागाकाराला साधलं. हॉटेलातल्या प्रत्येकाला अ‍ॅमेझॉन एकदम कळली. मालिकेवरचा राग मात्र त्यामुळे वाढलाच. एवढा सोपा हिशेब यांनी सांगू नये?

इतर आक्षेप किरकोळ होते. हे पाणी प्यायचं की वापरायचं, हे दाखवलं नाही. वाळू कोण उपसतं, ते दाखवलं नाही. मगरीला दहा मिनिटं आणि पुलाला एकही नाही, ही एका ट्रकचालकाची तक्रार. एका कॅन्टीनमध्ये पोळ्या करणाऱ्या आणि दरवर्षी वारीला जाणाऱ्या मावशींचं म्हणणं, एवढी मोठी नदी आणि तिच्यात कुणी आंघोळीला उतरत नाही म्हणजे काहीतरी चुकतंय. मी त्यांना सुसरींबद्दल सांगितलं. "सुसरीला काय एकादशी कळंना व्हय?" एवढंच त्या म्हणाल्या.

नाईलच्या भागाच्या दिवशी मात्र वेगळं झालं. विषय आस्वान धरणाचा निघाला. ते धरण 1970 मध्ये पूर्ण झालं. त्याच्या पाण्याखाली अबू सिम्बेलची देवळं जाणार होती, म्हणून युनेस्कोच्या पुढाकाराने जगभरातून पैसा जमवला गेला. डोंगरात कोरलेल्या त्या मूर्ती कापून, तुकड्यांवर नंबर घालून, साठेक मीटर वर नेऊन पुन्हा जोडल्या. 1968 मध्ये ते काम संपलं. मी हे सांगत होतो, कारण असल्या गोष्टी सांगायची मला हौस आहे. शेजारच्या टेबलावर वॉचमनमामा होते. त्यांचं मूळ गाव उजनीच्या पाण्यात. 1980 मध्ये धरण पुरं झालं तेव्हा ते पोरवयाचे होते.

"दगडाला नंबर घातले?" मामांनी विचारलं.

"हो."

"आमच्याकडं घराला घातले होते. पर ते मोजायसाठी, उचलायसाठी न्हाय."

मामा कडवटपणे बोलले नाहीत. उलट त्यांना ती युक्ती फार आवडली होती. करवत कुठली वापरली, क्रेन किती टनांची, असं ते मला बराच वेळ विचारत राहिले. त्यांच्या भागात पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यात आहे. उन्हाळ्यात उजनी उतरली की त्याचा कळस दिसू लागतो, मग लोक होडीने बघायला जातात. दुष्काळ जितका कडक, देऊळ तितकं जास्त. मामांच्या मते असल्या मालिकेत दाखवण्यासारखी गोष्ट ही आहे.

प्रेक्षकांना विचारून मालिकेचं गाणं केल्याचं एक उदाहरण मला ठाऊक आहे. चीनच्या सरकारी वाहिनीने 1983 मध्ये यांगत्सेवर पंचवीस भागांची मालिका दाखवली. ती इतकी गाजली की तिच्या शब्द नसलेल्या शीर्षकसंगीतासाठी वाहिनीने प्रेक्षकांकडूनच शब्द मागवले. हजारो लोकांनी गाणी पाठवली आणि त्यातलं निवडलेलं गाणं आजही तिथे गायलं जातं. भीमेसाठी कुणी असं आवाहन केलंच, तर पहिल्या कडव्यात दौंडचा विसर्ग येणार आणि ध्रुवपदात 'आज पाणी सोडलं का?' हे मी आत्ताच सांगून ठेवतो. चार-पाच दिवसांआड नळ येण्याची सवय झालेल्या शहराला दुसरं ध्रुवपद सुचणार नाही.

सप्टेंबर 2025 मध्ये सीनेला महापूर आला. लांबोटीजवळ पुणे-सोलापूर महामार्गच बंद ठेवावा लागला. त्या दिवसांत हॉटेलातला टीव्ही चालू होता, पण वर कुणाचं लक्ष नव्हतं. प्रत्येकाच्या हातात आपल्या गावाचा, आपल्या भावकीतल्या कुणीतरी माळवदावरून काढलेला व्हिडिओ. हलता, तिरपा, वाऱ्याने आवाज फाटलेला. एरवी ड्रोनच्या शॉटमध्ये खोट काढणाऱ्या या माणसांनी त्यातल्या एकाही चित्रीकरणाला नाव ठेवलं नाही. "ही कुणाची वस्ती?" एवढाच प्रश्न. टीएमसीही कुणी विचारले नाहीत.

पाणी ओसरलं, रस्ता सुरू झाला, ट्रक लागले, आणि समीक्षकांना पुन्हा धार आली. भीमेवर मालिका झाली पाहिजे, यावर आता एकमत आहे. भीमाशंकरला सुरुवात, भिगवणचे रोहित पक्षी, पंढरपूरला चंद्रभागा, कुडलच्या संगमावर सीना, मग कर्नाटकात कृष्णेला मिळेपर्यंत. पाकणीचा पाइपही हवा, असा माझा एक आग्रह. त्याला कुणी विरोध केला नाही, पाठिंबाही दिला नाही.

भांडण आहे ते महिन्यावरून. सुपरवायझर म्हणतात, शूटिंग ऑगस्टअखेर, धरण शंभर टक्के भरल्यावर. मे महिन्यात परदेशी पाहुणे आणले आणि त्यांना उजनी वजा पन्नास टक्के दाखवली, तर काय सांगणार? 2024 च्या उन्हाळ्यात ती त्याच्याही खाली गेली होती. मृतसाठा म्हणजे काय, हे कुणाला कसं समजावायचं? पाणी शून्याच्या खाली गेलंय आणि तरी आम्ही तेच पितोय, हे त्यांना खरं तरी वाटेल का? मामा म्हणतात, मे महिन्याशिवाय देऊळ दिसत नाही, आणि देऊळ नसेल तर मालिका करायची कशाला.

दोघेही मागे हटत नाहीत. शेवटी चहावाल्यानेच ग्लास विसळता विसळता मध्यस्थी केली.

"दोन भाग करा की अण्णा. एक प्लसचा, एक मायनसचा."