सहावी वाटी

वहिनी, अहो वहिनी! जरा या ना कुंपणापाशी. कपडे वाळत घालून मग आलात तरी चालेल, घाई नाही. म्हणजे, आहे थोडी. आणि हळू बोला हं, आमची खिडकी उघडी आहे. आत टिचक्या चालल्यात.

टण्ण्. ऐकलंत? ही पहिली.

दिवाळीची साफसफाई म्हटली की तुमच्याकडे जळमटं निघतात, आमच्याकडे ह्यांच्या वाट्या निघतात. वर्षातून एकदा. प्लास्टिकचा टब, त्याच्या तळाशी जुना टॉवेल, कोमट पाणी, आणि एका वेळी एकच वाटी. सिंकमध्ये न्यायची नाही, नळाखाली धरायची नाही, हातात अंगठी असेल तर हात लावायचा नाही. चाळीसहून अधिक वर्षांच्या संसारात चहा पिऊन झाल्यावर स्वतःचा कप मोरीत नेऊन ठेवला नाही ह्या माणसाने! आणि ती वाटी पुसतात कशी, तर तान्ह्या बाळाची टाळू पुसावी तशी. मग उजेडाकडे धरून चहूबाजूंनी बघायची, आणि शेवटी काठावर नखाने हलकीशी टिचकी. टण्ण् वाजली की जागेवर. सहा वाट्या आहेत. सहावीपर्यंत पोचायला अर्धा तास तरी लागेल. तेवढ्यात मला तुम्हाला एक सांगायचंय.

सांगते हो. पण आधी ती वाटी काय चीज आहे ते तुम्हाला कळायला हवं, नाहीतर म्हणाल, एवढं काय, वाटीच तर आहे!

चिनी माती म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? लोणच्याची बरणी. पडली तर फरशी फुटेल पण बरणी फुटायची नाही. मी तसं बोलले एकदा, तर हे केवढे चिडले. म्हणे, बरणी ती दगडी भांड्यांच्या जातीची, तिचा आणि ह्यांचा काही संबंध नाही. आणि खरंच नाही. ही वाटी उजेडात धरली ना, की पलीकडून तिला लावलेली तुमची बोटं दिसतात. पाचही. अंड्याचं टरफल म्हणतात तिला, आणि वजनालाही तशीच. रिकामी हातात घेतली की हात आपोआप वर जातो, कारण हाताने जास्त वजनाची तयारी केलेली असते.

चिनी लोक म्हणे तिला ‘तुओताई’ म्हणतात. म्हणजे अंग काढून घेतलेलं. मला आपलं वाटायचं की पातळ मातीची पातळ वाटी करत असतील. तसं नाही. आधी चाकावर चांगली जाडजूड वाटी करतात. ती वाळू देतात. मग चाकावर मातीचा उंचवटा असतो, त्याच्यावर ती पालथी घालायची, चाक फिरवायचं आणि लोखंडी पात्याने खरवडत जायचं. बाहेरून, आतून. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास येईपर्यंत. भाजलेली नसते हो अजून, नुसती वाळलेली माती! पात्याचा एक झटका जास्त झाला की आरपार. आणि जाडी किती उरली हे मोजायचं कशाने, तर मधूनमधून चाक थांबवून टिचकी मारायची आणि कान द्यायचा. म्हणजे ह्यांचं हे टिचक्यांचं वेड अगदीच त्यांचं स्वतःचं नाही, त्या कारागिरांचंच आहे. मग झिलई, मग मातीच्या डब्यात बंद करून १३०० अंशांच्या भट्टीत. तिथे किती वाकडी होत असतील, किती बसत असतील, देव जाणे.

हे सगळं जिंगदेझेन नावाच्या गावात. चीनच्या जिआंग्शी प्रांतात आहे. तिथे जवळच गाओलिंग म्हणून डोंगर, तिथली पांढरी माती. आपल्याकडे सगळे केओलिन केओलिन म्हणतात ना, ते नाव ह्या गाओलिंगवरून आलेलं. १६३७ साली सोंग यिंगशिंग नावाच्या एका विद्वानाने कारागिरीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात म्हटलंय, मातीचा एक कप पुरा होईपर्यंत ७२ जणांच्या हातांतून जातो. हे मला दरवर्षी ऐकवतात. मी म्हणते, आणि त्र्याहत्तरावे तुम्ही, म्हणून मला हात लावायला बंदी.

टण्ण्. दुसरी.

अहो, ह्यांनी घेतल्या कुठून असं विचारताय? बोटीवर होते ना. १९७९ साली बोट हाँगकाँगला लागली. मी लिहून कळवलं होतं, येताना छत्र्या आणा, टेरिकॉटचं कापड आणा. ह्यांनी आणल्या वाट्या. पाच वाट्या खोक्यातल्या, रेशमी अस्तराच्या, तेव्हाच्या नव्या कोऱ्या. बुडाशी तांबड्या शाईत जिंगदेझेनचा शिक्का आणि खाली इंग्रजीत ‘मेड इन चायना’. सहावी मात्र जुन्या वस्तूंच्या दुकानातून, हॉलिवूड रोडवरून. नाव हॉलिवूड, पण रस्ता हाँगकाँगचाच, जुन्या मालासाठी मशहूर. ती सहावी म्हणजे बादशहा गेल्यानंतरच्या काळातली, १९१२ नंतरची. बर्फात एकटा म्हातारा मासे धरत बसलाय, एवढंच चित्र. बाकी सगळी वाटी कोरी. तिला किती पडले ते आजतागायत सांगितलेलं नाही. त्या महिन्याची मनिऑर्डर मात्र निम्मी आली होती, ते माझ्या लक्षात आहे.

नोकरी होती तोवर ह्या सहाच. निवृत्त झाल्यावर वेड डोक्यात गेलं. आणि पहिल्याच खरेदीत गंडले! तुम्हाला सांगितलं नाही मी हे? मुंबईत एका जुन्या बाजारात कोणीतरी ‘मिंग’ म्हणून कप-बशी गळ्यात मारली. पातळ तर होतीच. आणि कपाच्या तळाशी गंमत, उजेडाकडे धरला की आत बाईचा चेहरा उमटायचा. मोठा अंबाडा, खाली झुकलेले डोळे. हे आठवडाभर येईल त्याला कप दाखवत सुटले. मग एक पारशी गृहस्थ आले, ह्यांच्या ओळखीचे. त्यांनी बघितलं आणि इतके हसले की खोकला लागला. म्हणे, साहेब, ही चिनी राणी नव्हे, जपानी गेशा आहे! विसाव्या शतकात जपानने असे कप ढिगांनी बाहेर पाठवले. मिंग घराणं तर १६४४ ला संपलं. म्हणजे बाई तीनशे वर्षं उशिरा आल्या, आणि त्यासुद्धा दुसऱ्या देशातून.

त्या दिवसापासून हे शिकायला लागले. शिक्क्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा पहिला धडा. म्हणजे बघा, बुडाशी छंगहुआ बादशहाचं नाव असलं, तो पंधराव्या शतकातला, तरी वस्तू त्याच्या काळातली असेलच असं नाही. पुढे दोनशे वर्षांनी कांगशी बादशहाच्या राज्यातले कारागीर आपल्या कामावर त्या जुन्याचंच नाव घालायचे. फसवायला नव्हे, मान म्हणून. पुढच्यांनी मात्र फसवायलाही घातलं. आता ह्यात मान कुठला आणि लबाडी कुठली, हे त्या मातीला विचारायचं? इंग्रजी शिक्का उलट बरा. अमेरिकेने कायदा केला, आणि १८९१ पासून तिथे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव इंग्रजीत असलंच पाहिजे असं झालं. तेव्हा बुडाशी इंग्रजीत ‘चायना’ दिसलं की मिंग-बिंग विसरायचं.

टण्ण्. तिसरी. आज जरा भराभर चाललंय का हो? मला घाम फुटलाय.

नाही, नाही, सांगते ना. तर गेल्या वर्षी मला मुंबईला म्युझियममध्ये घेऊन गेले. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, आपण अजून प्रिन्स ऑफ वेल्सच म्हणतो. तिथे टाटांनी दिलेल्या चिनी वस्तू आहेत. सर रतन टाटा, म्हणजे जमशेटजींचे धाकटे चिरंजीव, आणि त्यांचे थोरले बंधू दोराबजी, दोघांचे संग्रह तिथे आलेत. मला वाटलं होतं, एक चक्कर मारून खाली चहा प्यायचा. दोन तास हलले नाहीत. पहारेकरी येऊन येऊन बघायला लागला. पारशांकडे एवढा चिनी माल कसा, हे मी विचारलं तर म्हणे, मुंबईचे पारशी कँटनला व्यापाराला जायचे. इथून कापूस जायचा, अफू जायची. तिकडून चहा, रेशीम, कपबश्या यायच्या. नाजूक वस्तूमागे अफू आहे हे ऐकून मला कसंतरीच झालं. हे काही बोलले नाहीत त्यावर. ह्यांना नको ते ऐकू येत नाही. टिचकी तेवढी ऐकू येते.

पण एक गोष्ट मला तेव्हा फार आवडली, ती सांगू? योंगले नावाचा बादशहा होता, १४०३ ते १४२४. त्याच्यासाठी केलेल्या ह्या पातळ वाट्या पांढऱ्याशुभ्र. बघितलं तर काहीच नाही, रंग नाही, रेघ नाही. पण उजेडाकडे धरली की आत ड्रॅगन, फुलं, वेलबुट्टी! मातीतच कोरलेली, वर झिलई. म्हणजे समोर ठेवलेली असताना कुणालाच दिसायची नाही, हातात घेऊन उजेडाकडे धरणाऱ्यालाच काय ती दिसणार. आपण पैठणीचा पदर सगळ्यांना दिसावा म्हणून पुढे घेतो, आणि हा बादशहा बघा!

नंतरच्यांनी मात्र हौस भागवून घेतली. अठराव्या शतकात योंगझेंगच्या काळात अशाच पातळ बश्या करायचे, त्यांची पाठ माणकासारखी गुलाबी. पाठ हो, पुढची बाजू नव्हे! आणि तो गुलाबी रंग कशाचा, तर सोन्याचा. सोनं विरघळवून केलेला. युरोपातून आलेली युक्ती. बशी टेबलावर ठेवली की सोनं खाली. मला हे पटलं.

टण्ण्. चौथी.

आता सांगतेच. कोजागिरीला तुम्ही बंगलोरला होतात, लेकीकडे. आमच्याकडे भाऊजी आणि मंडळी आली होती. बरोब्बर सहा जण. मी दूध आटवलं, केशर घातलं, गच्चीवर चटया टाकल्या. आणि माझ्या मनात आलं, चंद्राचा उजेड पलीकडून दिसेल अशी भांडी घरात आहेत आणि मी दूध स्टीलच्या फुलपात्रांत देऊ? हे खाली खुर्च्या आणायला गेले होते. मी कपाट उघडलं.

वहिनी, काय दिसलं म्हणून सांगू! दूध ओतलं तसं वाटीच्या अंगातून ते चढताना दिसलं. केशराची छटासुद्धा. जाऊबाईंच्या तोंडून शब्द फुटेना. हे वर आले, बघितलं, आणि… काही बोलले नाहीत. चार माणसांत काय बोलणार? म्हणाले फक्त, ‘काठाने आणि बुडाने धरा, अंगाने धरू नका.’ पण इतक्या पातळ वाटीत उकळतं दूध! चटका तो केवढा बसणार. भाऊजींनी सहावी घेतली होती, म्हाताऱ्याची. ‘आई गं’ म्हणून ती पटकन खाली ठेवली. गार शहाबादी फरशीवर.

फुटली नाही. पण मी शेजारीच होते. एक बारीकसा आवाज झाला. ‘टिक्’. दूधही गळलं नाही, काही नाही. सकाळी बघू म्हटलं, तर सकाळी मी उठायच्या आधी सगळ्या वाट्या धुऊन, पुसून कपाटात. किल्ली ह्यांच्याकडे. त्या गडबडीत टिचकी मारायची राहिली असणार, नाहीतर बोलले नसते का?

टण्ण्. पाचवी. बाई गं.

तडा आहे, वहिनी. मी पाहिलाय. हे फिरायला गेले तेव्हा किल्ली शोधून काढली. केसाएवढा, काठापासून म्हाताऱ्याच्या टोपीपर्यंत. टिचकी मारली तर ‘ठक्’. लाकडासारखी. मनात आलं, फेविक्विक लावावं. पण ह्यांच्याकडे तो जांभळ्या उजेडाचा टॉर्च आहे, त्यात नंतरची डागडुजी वेगळी चमकते. म्हणजे दुहेरी गुन्हा. पूर्वी चीनमध्ये फुटकी भांडी टाचे मारून सांधणारे दारोदार फिरायचे, आपल्याकडे कल्हईवाले फिरायचे तसे. त्यांच्यात म्हणच आहे, हिऱ्याचं गिरमिट नसेल तर चिनी मातीचं काम अंगावर घेऊ नये. आता मी हिऱ्याचं गिरमिट आणू कुठून? माझ्याकडे कुडी आहे हिऱ्याची, तीही लग्नातली.

ह्यांनीच सांगितलेली एक गोष्ट आठवून धीर धरते. २०१४ साली हाँगकाँगला कोंबडा-कोंबडीचं चित्र असलेला एक इवलासा कप लिलावात गेला. छंगहुआच्या काळातला, आठेक सेंटिमीटर तोंडाचा. २८ कोटी हाँगकाँग डॉलरच्या वर! आपले दोनशे कोटींहून जास्त. घेणारा शांघायचा लिऊ यिचियान, पूर्वी टॅक्सी चालवायचा. त्याने कप ताब्यात आल्यावर काय केलं? त्यात चहा ओतून प्याला. जगभर ओरड झाली. तेव्हा हेच म्हणाले होते, ‘बरोबर केलं त्याने. पिण्यासाठीच केलाय ना कप!’ हे माझ्या लक्षात आहे. वेळ आली तर मी हेच वाक्य पुढे करणार आहे. तुम्ही साक्षीला राहा.

थांबा. बोलू नका. आता सहावी.

…

का हो वाजत नाही अजून? पाण्याचा आवाज तर थांबला. पुसून झाली असणार. उजेडाकडे धरली असेल. तडा दिसला असेल का? उजेडात दिसतोच. वहिनी, तुम्ही उंच आहात, जरा टाचा उंचावून बघा ना खिडकीतून. पाठमोरे आहेत? हातात आहे? बरं. बरं. नखाने…? नाही?

हा कपाटाचा आवाज. हो, आमच्याच कपाटाचा, बिजागरी कुरकुरते. किल्लीसुद्धा फिरली.

वहिनी, पाचच झाल्या ना? तुम्ही नीट मोजल्यात ना?