जिन्यातला दिवा

इमारतीसाठी दिवा निवडताना पाहायचे असतात ल्युमेन. सोसायटीच्या सभेत पाहिला जातो भाव. ६० वॅटचा पिवळा बल्ब सुमारे ७०० ल्युमेन उजेड देतो आणि बहुतेक वीज उष्णतेत उधळतो. ९ वॅटचा एलईडी तेवढ्याच उजेडाला पुरतो. ३६ वॅटची ट्यूब जुन्या चोकसकट पन्नासच्या घरात जाते. चोक मात्र कुणाच्याच हिशेबात नसतो. २०१५च्या उजाला योजनेने एलईडी स्वस्त झाला, दिव्याचा वाद मिटला. उरला बटणाचा. जिन्यातला दिवा सकाळी अकरालाही जळतो, कारण तो बंद करणे वॉचमनचे काम की सेक्रेटरींचे, हे ठरलेले नसते. सेन्सर बसवण्याचा ठराव येतो, कोटेशन पाहून पुढच्या सभेवर ढकलला जातो. शिवाय एलईडीच तो. दिवसा जळला तर कितीसे बिल येणार, असे खजिनदारच म्हणतात.