चुंबक आपलं, गाळ कुणाच्या दारी?

चीनने एप्रिल 2025 मध्ये सात दुर्मीळ मृदा धातू आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीचा लगाम आवळला, आणि चटका पुण्याच्या वाहन कारखान्यांपर्यंत बसला. नोव्हेंबरात केंद्राने चुंबकनिर्मितीसाठी 7,280 कोटींची योजना मंजूर केली. चांगलं केलं. पण त्याआधी सप्टेंबरात पर्यावरण मंत्रालयाने अणुखनिजं आणि क्रिटिकल खनिजांच्या खाणींना जनसुनावणीतून सूट दिली, ते साफ चुकलं. अहवाल लिहायचा, दिल्लीत तपासायचा. ज्यांच्या शिवारात खणणार त्यांनाच तेवढं विचारायचं नाही!

विचारायचं का, ते मोनाझाइट सांगतं. केरळ, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या या जड वाळूत चुंबकाला लागणारं निओडिमियम असतं, तसंच आठ-दहा टक्क्यांच्या आसपास थोरियमही. वाळू दळून कॉस्टिक सोड्यात तापवली की फॉस्फेट सुटतं. उरलेल्यावर आम्ल घातलं की निओडिमियम विरघळतं आणि थोरियम मागे गाळात राहतं. त्याचं अर्धायुष्य 1,400 कोटी वर्षं. आपल्याकडे ते उद्याचं इंधन म्हणून सांभाळून ठेवतात, हे खरं. पण सोबतचं किरणोत्सारी रेडियम आणि शिसं वेगळं काढून काँक्रीटच्या चरात गाडावंच लागतं, आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या त्यावर पहारा ठेवावा लागतो. हा खर्च पहिल्या दिवसापासून चुंबकाच्या किमतीत धरायला हवा.

न धरल्यास काय होतं ते मलेशियात इपोहजवळच्या बुकित मेराने भोगलं. मित्सुबिशी केमिकलची भागीदारी असलेला तिथला कारखाना 1982 मध्ये सुरू झाला. कच्चा माल कथलाच्या खाणींतून उरलेल्या वाळूतला. कारखाना आधी उभा राहिला, गाळाच्या कायमच्या जागेचा शोध मागून. एका गावाने जागा नाकारली, मग पापान गाव निवडलं तर तिथले लोक रस्त्यावर उतरले. तोवर बुकित मेराच्या रहिवाशांना कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत कचऱ्याच्या प्लास्टिक पिशव्या पडलेल्या दिसत होत्या. 1985 मध्ये ते कोर्टात गेले. 1992 मध्ये उच्च न्यायालयाने कारखाना बंद करायला सांगितलं, पुढच्याच वर्षी वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला. तरीही 1994 मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. जुना कचरा उकरून डोंगरात पुरायला सुमारे 10 कोटी डॉलर लागले.

सुरुवातीलाच गावकऱ्यांना बोलावलं असतं, तर त्यांनी पहिला प्रश्न हाच केला असता: गाळ कुठे ठेवणार? जनसुनावणी असते ती या प्रश्नासाठी. तिने काम लांबतं ही तक्रार मला मान्य नाही. बुकित मेराचा कारखाना लोकांना विचारल्यामुळे बुडालेला नाही.

रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही इल्मेनाइटची काळी वाळू आहे आणि त्यातलं टायटॅनियम क्रिटिकल खनिजांच्या यादीत आहे. म्हणजे जनसुनावणीतली सूट तिथेही लागू. मंत्रालयाने ती मागे घ्यावी. किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींनी येत्या ग्रामसभेतच तसा ठराव करून दिल्लीला पाठवावा.