बोट ट्रिगरबाहेर!

२०२४मध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमधून कांस्यपदक आणलं आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या पालकांना आपापल्या घरात नेमबाज दिसू लागला. ‘एकाग्रता वाढते म्हणे,’ असं म्हणत मंडळी चिरंजीवांसह रायफल क्लबात पोचतात. तिथे बंदुकीआधी हातात नियम पडतात. प्रत्येक बंदूक भरलेलीच समजा. नळी कायम टार्गेटकडे. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर. ‘स्टॉप’ ऐकू आलं की सगळ्यांनी थांबायचं, काका आमदार असले तरी.

हा खटाटोप कशासाठी? तर दहा मीटरवरच्या अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यासाठी. वर एअर रायफलचा आवाज नुसता ‘फट्’! वडील हिरमुसतात. त्यांच्या डोळ्यांपुढे वरातीतला बार असतो. तिथे नळी आभाळाकडे, बोट ट्रिगरवर, आणि ‘स्टॉप’ म्हणणारा पाहुणा मांडवाबाहेर.

कमरेला पिस्तूल खोचून वाढदिवसाच्या फ्लेक्सवर झळकणारे भाऊ-दादा मात्र क्लबाकडे फिरकत नाहीत. बरोबरच आहे. तिथे आधी बोट आवरायला शिकवतात, आणि फ्लेक्स लागायला पदक मिळवावं लागतं.