अठरा गाई आणि कोरा चहा

"कुठल्या शेतात?" टॅक्सीवाल्याने विचारलं.

बेथलेहेमच्या पूर्वेला उतारावर बेत सहूर हे उपनगर लागतं. येशू जन्मला त्या रात्री मेंढरं राखत बसलेल्या धनगरांना देवदूतांनी ती बातमी सांगितली, ते शेत इथलं. गावाच्या नावातही जागरण आहे. 'रात्र जागवणाऱ्यांचं घर' असा त्याचा अर्थ इथले लोक सांगतात. २०१९ च्या एप्रिलात आत्याला घेऊन मी तिथे गेलो, तेव्हा शेत एकच असणार अशी माझी भाबडी समजूत होती.

"लॅटिन, ऑर्थोडॉक्स की वायएमसीए?" त्याने आरशातून आमच्याकडे बघत पर्याय टाकले.

पुण्यात राहिलेल्या माणसाला याचं नवल वाटू नये. शेतं तीन, तिन्ही अस्सल, आणि एकाचीही अन्यत्र कोठेही शाखा नाही. लॅटिन म्हणजे कॅथलिकांचे देवदूत एका शेतात उतरले, ग्रीक ऑर्थोडॉक्सांचे दुसऱ्या आणि प्रोटेस्टंटांचे तिसऱ्या. मी पुरावे तपासायच्या विचारात होतो, तोवर आत्याने निकाल दिला. "जिथे बाथरूम असेल तिथे ने म्हणावं."

असे आम्ही लॅटिन झालो.

तिथलं देऊळ अंतोनिओ बार्लुत्सी नावाच्या इटालियन वास्तुकाराने १९५३-५४ मध्ये बांधलंय. आकार धनगरांच्या राहुटीचा, आणि घुमटातून उजेड असा झिरपतो की डोक्यावर चांदण्या पडल्यासारखं वाटावं. आत आवाज छान घुमतो, म्हणून यात्रेकरूंचे जथे पाळीपाळीने येऊन नाताळची गाणी म्हणतात. बाहेर एप्रिलचं ऊन आणि आत नाताळची रात्र. दोन जथ्यांच्या मधल्या फटीत आत्या उभी राहिली आणि खणखणीत आवाजात 'सुखकर्ता' सुरू केलं. दारातल्या पुढच्या जथ्याने आदराने माना खाली घातल्या. शेवटी टाळ्याही पडल्या.

सकाळी बेथलेहेमचं जन्मस्थानाचं चर्च झालं होतं. त्याचं दार जेमतेम सव्वा मीटर उंच, त्यामुळे राजा असो की आत्या, वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. आतली जागा ग्रीक, आर्मेनियन आणि कॅथलिक अशा तिघांत वाटलेली. कुठली पायरी कुणी झाडायची हेही ठरलेलं. २०११ च्या डिसेंबरात नाताळची साफसफाई करताना ग्रीक आणि आर्मेनियन साधूंची हद्दीवरून जुंपली, आणि ते हातातल्या झाडूंनीच एकमेकांवर तुटून पडले. सोडवायला पॅलेस्टिनी पोलीस आले. हे ऐकून आत्याला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. तिच्या वाड्यात सामाईक जिन्यावरून तीस वर्षं हेच चाललं होतं, फक्त पोलीस यायचे नाहीत.

मुक्काम बेत सहूरमध्येच, एका घरगुती खोलीत. घरमालकीणबाईंना सगळे 'उम्म' म्हणजे अमक्याची आई म्हणून हाक मारत. आपल्याकडे 'बंड्याची आई' म्हणतात तसं. त्यांनी आत्याला थोरल्या मुलाचं नाव विचारलं, आणि पाच मिनिटांत आत्या 'उम्म नंदू' झाली. दोघींची एकही भाषा समान नव्हती, पण त्यामुळे कुणाचं बोलणं अडल्याचं मला दिसलं नाही.

अडलं ते चहावर. छोट्या काचेच्या पेल्यात कोरा, गोडमिट्ट चहा, वर मैरमियाची, म्हणजे सेजची, पानं तरंगताहेत. सांगलीला गोठ्यात जन्म काढलेली आत्या त्या पेल्याकडे औषधाकडे बघावं तशी बघत राहिली.

संध्याकाळी गच्चीवर बसलो. आग्नेयेला हेरोदियन, राजा हेरोदने माती घालून उंचावलेला, उलट्या वाडग्यासारखा डोंगर. उत्तरेला टेकडीभर एकसारख्या इमारती. "तो अबू घनेम," घरमालकीणबाईंचा मुलगा म्हणाला. "झाडी होती सगळी. १९९७ पासून इस्रायली वसाहत उभी राहिली." यावर आत्याही काही बोलली नाही.

मग त्यानेच गाईंचा विषय काढला. १९८८ साल, पहिला इंतिफादा, म्हणजे इस्रायली ताब्याविरुद्धचा पॅलेस्टिनी उठाव. इस्रायली दूध घ्यायचं नाही असं गावाने ठरवलं आणि अठरा गाई आणल्या. आणल्या कुठून? इस्रायली किबुत्झमधून, म्हणजे सामूहिक शेतीच्या वस्तीतून. पाळणार कोण? मास्तर आणि डॉक्टर, ज्यांनी आयुष्यात कधी सड धरला नव्हता. पण दूध सुरू झालं आणि लष्कराने जाहीर केलं की या गाईंपासून राष्ट्राच्या सुरक्षिततेला धोका आहे. गाई भूमिगत झाल्या. सैनिक त्यांचे फोटो घेऊन दारोदार चौकशी करत फिरले. दूध रात्री चोरून घरोघर जाऊ लागलं. गावाने इस्रायलला करही भरायचा नाकारला. पुढच्या वर्षी बेचाळीस दिवस वेढा पडला, घराघरांतून सामान जप्त झालं. गाईंवर २०१४ मध्ये 'द वॉन्टेड १८' नावाचा चित्रपटही निघाला.

मी भारावलो होतो. आत्याने मात्र आधी कामाचं विचारलं, "वेताला किती द्यायच्या?" त्याला सांगता येईना. "आणि अठरा गाई लपवल्या कशा? गाय हंबरली तर तिला गप्प कोण करणार?"

तेवढ्यात आतून पेल्यांचा ट्रे आला. कोरा, पानांसकट. आत्याने आधी पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दुधापायी लष्कराशी भांडले," ती म्हणाली, "आणि चहा कोरा पितात!"