पीनट बटर कोणतं घ्यावं: कॉटन ग्रीन परिसरातील नवशिक्यांसाठी पायरीवार मार्गदर्शन

पूर्वतयारी. पीनट बटर कुकीत घालायचं तर ओव्हन लागेल. अभ्युदयनगर किंवा घोडपदेवच्या घरात ओव्हनसाठी वेगळी जागा असल्याचं ऐकिवात नाही, तेव्हा तो फ्रिजच्या डोक्यावर बसवावा आणि तिथले डबे पलंगाखाली ढकलावेत. ओव्हन नसल्यास कुकरची शिट्टी आणि रिंग काढून तळाला मीठ पसरावं, गॅस मंद ठेवावा. या कुकरात पुन्हा वरणभात लावू नये असं जाणकार सांगतात. लावतात सगळेच.

पायरी पहिली: बाटली फिरवा. पुढच्या बाजूला शेताचं चित्र आणि ‘नॅचरल’ हा शब्द असतो, तो वाचून काही कळत नाही. मागची बारीक अक्षरं वाचा. नुसते शेंगदाणे, फार तर मीठ, एवढंच लिहिलं असेल तर ते नैसर्गिक. शेंगदाण्यांमागोमाग साखर, मीठ आणि ‘हायड्रोजनेटेड वनस्पती तेल’ आलं तर प्रक्रिया केलेलं. अमेरिकेत ९० टक्के शेंगदाणे असल्याशिवाय त्याला पीनट बटर म्हणताच येत नाही. म्हणजे भांडण उरलेल्या १० टक्क्यांचं.

नैसर्गिक बाटलीत वर तेल तरंगताना दिसेल. आपल्याकडच्या मे महिन्यात तर ते लवकरच वर येतं. बाटली खराब झाली असं समजून ते तेल मोरीत ओतणारे नवशिके पुष्कळ. ओतू नका. शेंगदाण्यात जवळपास निम्मं वजन तेलाचंच असतं. ते गेलं की खाली उरतं त्याने भिंतीतली भेग बुजवता येईल, कुकी करता येणार नाही. सुरीने तळापासून ढवळा, मग बाटली फ्रिजमध्ये ठेवा.

पायरी दुसरी: ‘हायड्रोजनेटेड’ वाचून दचकू नका. हार्बर लाइनची गाडी पकडा आणि पुढच्याच स्टेशनावर उतरा.

शिवडी. १९३१ साली हिंदुस्तान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन झाली आणि १९३२ मध्ये तिच्या इथल्या कारखान्यात वनस्पती तूप तयार होऊ लागलं. तेच पुढे डालडा नावाने घराघरांत गेलं. वनस्पती तेल तापवायचं, निकेलच्या साक्षीने त्यातून हायड्रोजन वायू सोडायचा, की पातळ तेल थिजून तुपासारखं रवाळ होतं. त्या काळी या धंद्यात मुख्य तेल कोणतं? शेंगदाण्याचं. पीनट बटरच्या बाटलीवरचा जो शब्द वाचून आपण परदेशी खुळ म्हणून नाक मुरडतो, त्यामागचं काम शेजारच्या स्टेशनावर गिरण्यांच्या तिन्ही पाळ्यांचे भोंगे वाजत असलेल्या काळात सर्रास चाललं होतं. साजूक तुपात कुणी वनस्पती मिसळलं तर चाचणीत पकडलं जावं म्हणून त्यात तिळाचं तेल घालण्याची कायद्याने सक्तीही झाली. इतकी त्याची धास्ती होती, आणि लग्नाच्या पंगतीतल्या पुऱ्या मात्र त्यातच तळल्या जात.

१९२०च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या जोसेफ रोझफील्डने हेच घट्ट केलेलं तेल चमचाभर पीनट बटरमध्ये घातलं आणि वर तरंगणारं तेल जागच्या जागी बांधून टाकलं. त्याचा ब्रँड स्किपी. मालक बदलत बदलत तो २००० साली युनिलिव्हरकडे आला आणि २०१३ पर्यंत तिथेच होता. शिवडीचा कारखानाही याच घराण्याचा. कॉटन ग्रीनच्या माणसाने हा योगायोग चारचौघांत सांगावा, कुकी फसल्या तरी भाव राहतो.

आता आरोग्याचं. डालड्याची बदनामी झाली ती तेल अर्धवट घट्ट करताना तयार होणाऱ्या ट्रान्स फॅटमुळे. २०२२ पासून आपल्याकडे तेला-तुपात त्याची मर्यादा २ टक्के आहे. पीनट बटरमध्ये घालतात ते तेल बहुतेक वेळा पूर्ण घट्ट केलेलं असतं, शिवाय प्रमाण एक-दोन टक्के, त्यामुळे त्यात ट्रान्स फॅट नावापुरतंच. हे तेल पुष्कळदा सरकीचंही असतं. म्हणजे अखेर कापूस. कॉटन ग्रीनच्या कापूस बाजारात गाठी आल्या त्या रुईच्या. सरकी मागे वऱ्हाड-खानदेशच्या जिनिंगमध्ये आणि म्हशींच्या आंबोणात राहिली. ती आता अशी वळसा घालून बाटलीतून येते.

पायरी तिसरी: निवडा. एक वाटी पीनट बटर, एक वाटी साखर, एक अंडं, अशी मैद्याविना कुकी करणार असाल तर मुकाट्याने प्रक्रिया केलेलं घ्या. तिथे मिश्रण धरून ठेवायला अंड्याशिवाय दुसरं कुणी नाही. तेल बांधलेलं असेल तरच गोळा वळतो. नैसर्गिक घेतलंत तर हाताला तेल सुटेल आणि कुकी पसरेल किंवा भुगा होईल. केक, ब्राउनी किंवा ज्यात लोणी आणि मैदा आहेच अशा कुकीत नैसर्गिक खुशाल वापरा. दाण्याची खरपूस चव त्यातच लागते. कृतीत एक सांगितलं असताना दुसरं वापरलं तर साखर-मिठाचा हिशेब बदलावा लागतो, हे कृती लिहिणारे सांगत नाहीत.

माझं मत विचाराल तर नैसर्गिक म्हणजे पुण्यवान आणि दुसरं पापी, ही वाटणी जाहिरातवाल्यांची आहे. दोन्ही कुकीत साखर असतेच.

पायरी चौथी: घरी करा. दाणे मंद भाजा, गार करा, चोळा आणि गॅलरीत पाखडा. खालच्या मजल्यावरून हाक आली की पाखडणं पुरे झालं. मग मिक्सर. आधी कूट होईल. इथे आपला हात आपोआप थांबतो, पिढ्यानपिढ्यांची सवय आहे. थांबू नका. थांबलात तर साबुदाण्याची खिचडी होते. पुढे कूट भांड्याच्या कडेला चिकटेल, मग गोळा होईल, भांडं तापेल. मिक्सरला उसंत द्या, कडा खरवडा, पुन्हा फिरवा. दाण्यांचं स्वतःचंच तेल सुटून ते एकदम सैल पडतं. बाहेरून तेल घालायची गरज नाही. त्रास नको म्हणून दाणे लालबागच्या मसाला कांडपात मात्र नेऊ नका. तिथून परत येईल ती चटणी.

सासूबाईंचा प्रश्न येईलच: एकादशीला चालतं का? नुसत्या दाण्याचं चालायला हरकत नसावी. अंड्याचा विषय त्या दिवशी काढू नये.

पायरी पाचवी, जी बहुतेकांच्या वाट्याला येते. नैसर्गिक पीनट बटर चुकीच्या कृतीत पडलं, ट्रे बाहेर आला आणि कुकी उचलताना भुगा झाला. तो परातीत काढा, गूळ किसून घाला, वेलदोड्याची पूड घाला आणि कोमट असतानाच वळा. ताटलीत मांडताना कुकी हा शब्द उच्चारू नका.