मापाडीकाका

मापाडीकाकांचा ट्रेलर आतून ६ फूट ९ इंच रुंद आहे. ही माहिती ते पहिल्याच भेटीत देतात, बहुधा स्वतःच्या नावाच्या आधी. विकणाऱ्याने तो सात फुटी म्हणून विकला होता. सात फूट भरले ते बाहेरून. भिंतींची जाडी कुणी धरायची, यावर काकांचा त्या विक्रेत्याशी वाद झाला. विक्रेता केव्हाच दुकान बंद करून फ्लोरिडाला निघून गेला, तरी काकांच्या बाजूने वाद चालूच आहे. मागचं दार तर आतल्या रुंदीपेक्षाही कमी. "खोली मोजू नये, दार मोजावं," असं ते म्हणतात. वाक्य चांगलं आहे. पुण्यात फ्लॅट घेणाऱ्या माझ्या मेहुण्याला मी ते माझंच म्हणून ऐकवलं आहे.

त्यांचं खरं नाव अर्थात वेगळं. मिनियापोलिसच्या उत्तरेला, आमच्या गल्लीत, अगदी समोरच्या घरात राहतात. आजोबा नॉर्वेहून आलेले, स्वतः सत्तरीला टेकलेले, आणि कमरेच्या पट्ट्याला पंचवीस फुटी टेप अडकवलेली. माझी आई साताऱ्याहून पहिल्यांदा इथे आली तेव्हा हा माणूस आमच्या टपालपेटीपासून रस्त्याच्या कडेपर्यंतचं अंतर मोजत होता. बर्फ काढणाऱ्या गाडीचं पातं पेटीला लागेल का, ही काळजी त्यांना आमच्या वतीने लागली होती. आई खिडकीतून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हे मार्केट यार्डात मापाडी होते का रे?" नाव चिकटलं ते चिकटलंच. आता मुलं त्यांना तोंडावरच मापाडीकाका म्हणतात आणि काकांना ती कसलीतरी पदवी वाटते.

काकांचा खरा जीव स्नोमोबाइलमध्ये. पुढे दोन स्की, मागे रुंद रबरी पट्टा, वर सीट आणि हँडल, उजव्या अंगठ्याखाली अ‍ॅक्सिलरेटर. इथे तिला कुणी पूर्ण नावाने हाक मारत नाही, स्लेड म्हणतात. मिनेसोटात स्लेडसाठी राखलेल्या वाटा वीस हजार मैलांहून जास्त आहेत आणि गावोगावचे क्लब त्या सांभाळतात. यंत्रही इथलंच. कॅनडाच्या सरहद्दीजवळच्या रोझो गावात, शेतीची अवजारं बनवणाऱ्या एका वर्कशॉपमधून १९५४ साली पोलारिस कंपनी उभी राहिली. संस्थापकांतला एडगर हेटीन १९६० मध्ये अलास्कात या यंत्रावरून सुमारे बाराशे मैल हिंडून आला. परत आल्यावर त्याचं कंपनीत बिनसलं. तो बाहेर पडला आणि तास-सव्वा तासावरच्या थीफ रिव्हर फॉल्समध्ये त्याने दुसरा कारखाना काढला, ती आर्क्टिक कॅट. एकाच माणसाने लावलेल्या या भांडणात मिनेसोटातली घरंच्या घरं वाटली गेली. काका कट्टर पोलारिसचे. काकूंचं माहेर थीफ रिव्हर फॉल्स. दोन्ही गाड्या एकाच ट्रेलरमधून नेणं हा त्यांच्या संसारातला तह आहे.

ट्रेलर बंदच हवा, त्याला कारण आहे. हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर मीठ मारतात. उघड्या ट्रेलरवरून नेलेली गाडी दोनशे मैलांवर पोचेपर्यंत मिठाच्या चिखलाने लडबडते आणि मग गंजायला लागते. म्हणून काकांनी १९९०च्या दशकात हा बारा फुटी बंद ट्रेलर घेतला. तेव्हा तो ऐसपैस होता, असं ते सांगतात. काकू तेवढ्यात स्वयंपाकघरात निघून जातात, त्यावरून काय ते समजावं.

पुढे गाड्या वाढल्या. साठ-सत्तर सालच्या स्लेड पिकअपच्या मागच्या हौद्यात घालून नेत असत. नंतर वेग वाढला, वळणावर गाडी कलंडू नये म्हणून दोन स्कींमधलं अंतर वाढलं. आता वाटेवरच्या गाडीत ते ४२-४३ इंच असतं आणि एकूण रुंदी चार फुटांच्या घरात जाते. पूर्वी पट्टा साधारण १२१ इंचांचा असे. खड्ड्यांवर गाडी सरळ जावी म्हणून तो १२९ झाला, १३७ झाला, डोंगराळ भागातल्या गाड्यांना तर १६५ इंचांचेही असतात. हँडल उंच झालं. आरसे आले. दहा फुटांच्या वर लांब आणि चार फूट रुंद अशा दोन गाड्या, आणि ट्रेलर तोच, ६ फूट ९ इंच.

बरोबरीच्या सगळ्यांनी केव्हाच साडेआठ फुटी ट्रेलर घेतले, पुढे-मागे दोन्हीकडे उताराची फळी असलेले. पुढून चढवा, मागून उतरवा, रिव्हर्सची भानगड नको. काकूंनी एकदाच, तेही हळू आवाजात, "मग मोठा घे ना," म्हणून पाहिलं. काकांनी त्यांच्याकडे जे पाहिलं, तसं बघताना मी फक्त आमच्या आजोबांना पाहिलं होतं, रमी खेळताना कुणीतरी त्यांना आपले पत्ते दाखवले तेव्हा. "मोठा ट्रेलर कुणीही भरेल," काका म्हणाले.

तर हिशेब असा. दोन गाड्या शेजारीशेजारी एकाच दिशेला तोंड करून उभ्या केल्या तर ४८ आणि ४८, ९६ इंच. जागा ८१. पण स्लेड पुढेच रुंद असते. मागे, जिथे पाय ठेवायच्या पट्ट्या असतात तिथे, तीसेक इंचांत आटोपते. म्हणजे एक गाडी उलटी लावायची आणि दुसरी सुलटी. लग्नघरात एका गादीवर दोन पाहुणे झोपवताना एकाचं डोकं भिंतीकडे आणि दुसऱ्याचं दाराकडे करतात ना, तसं. ४८ आणि ३० मिळून ७८. तीन इंच उरले. हे तीन इंच काका असे सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, शेतात विहिरीला पाणी लागलं.

कागदावर उरलेले तीन इंच प्रत्यक्षात उतरवायला अख्खा शनिवार लागतो. आधी गॅरेजच्या फरशीवर रंगाऱ्याच्या निळ्या चिकटपट्टीने ट्रेलरचा आतला नकाशा काढायचा. त्यासाठी काकूंची मोटार बाहेर बर्फात. मग पुठ्ठ्यातून कापलेले स्कींचे आकार फरशीवर सरकवून पाहायचे. कुणाचं टोक कुणाच्या पट्टीखाली जातं ते ठरवायचं. मग प्रत्यक्ष गाड्या, स्कींखाली चाकांच्या पाट्या घालून, बाजूला ढकलत ढकलत. आरसे काढायचे. एका गाडीच्या स्की इंचभर आत घेता येतात, त्या घ्यायच्या. स्कींच्या तळाला कार्बाइडच्या धारदार पट्ट्या असतात, त्या प्लायवूड कापतात, म्हणून ट्रेलरच्या तळाला प्लास्टिकच्या पट्ट्या ठोकलेल्या. त्यांचीही जाडी हिशेबात धरलेली. शिवाय वजन. ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहा-पंधरा टक्के भार पुढे हुकवर यायला हवा. मागे भार जास्त झाला तर हायवेवर ट्रेलर डुलायला लागतो आणि पुढच्या मोटारीलाही डुलवतो. काकूंची गाडी फोर-स्ट्रोक, जड. म्हणून ती तोंड पुढे करून, आणि काकांची तिच्या शेजारी उलटी. "म्हणजे माहेर पुढे आणि मी मागे," काका म्हणतात. हा विनोद दर हिवाळ्यात होतो आणि दर हिवाळ्यात काकू हसतात.

नव्या गाड्यांना रिव्हर्स असतो, हे या सगळ्यातलं एक वरदान. टू-स्ट्रोक गाडीत तर बटण दाबलं की इंजिन क्षणभर मान टाकतं आणि उलटं फिरायला लागतं. काका फळीवरून गाडी मागे चढवताना मान पूर्ण वळवतात, जीभ ओठांच्या कोपऱ्यात येते, आणि गल्लीत कुणी बोलत नाही. पहिली गाडी डाव्या भिंतीला लागून बसते. दुसरी सरळ, उजवीकडून आत. वाकून, कारण दाराची चौकट डोक्याच्या उंचीला आहे. एक बारीक गुरगुर, एक धक्का, इंजिन बंद. आतून आवाज येतो, "बसली!"

एकदा असंच झालं. "बसली" ऐकू आलं, पण काका आले नाहीत. उजवीकडे भिंत, डावीकडे पहिली गाडी, आणि अंगात हिवाळ्याचा तो जाडजूड अखंड सूट. अशा वेळी सीटवरून उलटं रांगत फळीवर यायचं असतं. पण सुटाच्या डाव्या खिशाची चेन पहिल्या गाडीच्या ब्रेकच्या दांडीत अडकली होती. आम्ही तिघं-चौघं शेजारी फळीपाशी जमलो. आत अंधार, टू-स्ट्रोकच्या तेलाचा निळा धूर, आणि धुरात दोन बुटांचे तळवे. काकूंनी शांतपणे विचारलं, "कॉफी आत पाठवू का?" उत्तर नाही. मग टेप ओढल्याचा सर्रकन आवाज आला. पुन्हा एकदा आला.

"पावणेदोन इंच शिल्लक आहेत!" आतून काका म्हणाले. "म्हणजे अजून एक बॅग बसेल."

चेन कापून त्यांना काढावं लागलं. बाहेर आल्यावर ट्रेलरकडे नजर टाकून "नॉट टू बॅड" एवढंच म्हणाले. मिनेसोटात याहून मोठी स्तुती माणूस स्वतःच्या नातवंडाचीही करत नाही.

सप्टेंबरात, लेबर डेनंतरच्या शनिवार-रविवारी, नॉर्थ ब्रँचला 'हे डेज' भरतं. स्लेडच्या शर्यती होतात, त्याही गवतावर. लोक शर्यती बघायला आणि जुने सुटे भाग घासाघीस करून घ्यायला जातात. काका पार्किंगमध्ये असतात. परक्या माणसाच्या ट्रेलरपाशी जाऊन "आतून किती?" विचारायचं आणि तो उत्तर देईपर्यंत टेप लावून मोकळं व्हायचं. कुणी रागावत नाही. उलट तिथे आणखी चार मापाडी जमतात, प्रत्येकाच्या कमरेला टेप, प्रत्येकाच्या घरी कुणीतरी "मोठा घे ना" म्हणालेलं. त्यांच्यात काय आनंदाने बोलणं चालतं! दाराच्या बिजागऱ्या बाहेरून लावल्या तर दोन सूत वाचतात, यावर मी त्यांना अर्धा तास बोलताना ऐकलं आहे. सूत हा शब्द माझा. सोळाव्या भागांतला त्यांचा आकडा मी आमच्या सुताराच्या भाषेत फिरवून घेतला.

खरा उलगडा मला २०२३-२४च्या हिवाळ्यात झाला. मिनेसोटातला नोंदीतला सगळ्यात उबदार हिवाळा तो. डिसेंबर-जानेवारीत अंगणात गवत दिसत होतं. वाटा बंद, क्लबवाले हवालदिल, दुकानांतून नव्या गाड्या तशाच पडून. मला वाटलं, काकांना भेटून धीर द्यावा. गेलो तर गॅरेजमध्ये दिवा, फरशीवर निळ्या पट्ट्या, पुठ्ठे पसरलेले. गाड्या ट्रेलरमध्ये चढत होत्या, उतरत होत्या. बर्फ नसल्यामुळे फळी कोरडी होती, घसरत नव्हती. सरावाला याहून उत्तम हवामान मिळणार नाही, असं त्यांचं म्हणणं. चेहऱ्यावर दुःखाची रेषा नव्हती. गाडी चालवायला जायचं हे निमित्त, ते एरवीही फार लांब जात नाहीतच. काकू मला म्हणाल्या, "बर्फ पडला की हा बिचारा वाटेवर नुसता कंटाळतो."

आमचं त्यांच्याशी नातं पक्कं झालं ते आमच्या भारतवारीमुळे. आम्ही चौघं, माणशी तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा, म्हणजे आठ, शिवाय हातातल्या, आणि विमानतळावर न्यायला एकच मोटार. मी दोनदा भरून दोनदा उपसलं होतं. काका रस्ता ओलांडून आले. बायको हळूच म्हणाली, "आता विमान चुकणार." काकांनी टेप काढली, डिकी मोजली, सगळ्या बॅगा खाली उतरवल्या आणि चाकं एकीकडे, हँडलं दुसरीकडे अशा उलटसुलट लावल्या. मेतकुटाचे रिकामे डबे आईकडून भरून आणायचे म्हणून नेत होतो, त्यांची मोट बॅगांमधल्या फटीत गेली. दार लागलं. एका बोटाने लागलं. काकांचा चेहरा मात्र पडलेला.

"एवढंच?" ते म्हणाले. "नववी नाहीये?"

येताना आमच्याकडे नववी होती. विमानतळावर न्यायला तेच आले होते, न सांगता, टेप घेऊन.

तेव्हा इकडे येऊन कुणाला स्लेडचा नाद लागलाच, तर ट्रेलर सरळ साडेआठ फुटी घ्या. १०२ इंच, म्हणजे साडेआठ फूट, हीच हायवेवरच्या वाहनाच्या रुंदीची कायद्याने घातलेली हद्द आहे. आणि घेताना आतून मोजा, दार वेगळं मोजा. अडलंच तर मापाडीकाकांना विचारा, ते एका पायावर येतील. फक्त त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका, आणि मोटारीची डिकी बंद ठेवा.